बोलायची वर्गणी

आमच्या अपार्टमेंटची सेक्रेटरी मी. शाळेतून निवृत्त झाले, तर ही नवी शाळा गळ्यात पडली. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वर्गणी घरटी सारखी असायची. मला ते पटेना. तळमजल्यावरच्या एका खोलीत मल्लव्वा एकटी, कडक भाकऱ्या करून विकते. तिच्या डोक्यावर तिप्पण्णांनी दोन फ्लॅट जोडून घेतलेत. दुधनीच्या बाजारात त्यांचा तुरीचा व्यापार, घरात माणसंही भरपूर. दोघांना एकच आकडा कसा? मी मीटिंगमध्ये म्हटलं, घर मोठं त्याची वर्गणी मोठी, आणि मल्लव्वाला निम्मी.

तिप्पण्णा म्हणाले, कमावणं हा काय गुन्हा झाला का? मग शांतपणे तयारही झाले, पण अट घातली. निम्मी देणाऱ्यानं मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. उकाड्यानं कंटाळलेल्या मंडळींनी हात वर केले की! माझं डोकंच फिरलं. पण माझ्या एकटीचं कोण ऐकतंय, झालं मंजूर.

पुढच्याच मीटिंगला त्यांनी विषय काढला. पहाटे भाकऱ्या थापल्याचा आवाज वर येतो, झोपमोड होते, हा धंदा घरात नको. स्वतःच्या कमाईला कुणी हात लावू नये म्हणणारा माणूस हा! दुसऱ्याच्या परातीत मात्र खुशाल हात घालायला निघाला.

मल्लव्वा उठली. तिप्पण्णांनी तिला बसायला सांगितलं, नियम आहे म्हणाले. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि उरलेली निम्मी वर्गणी टेबलावर ठेवली.

"आता बोलू का?"

कोण नाही म्हणणार? ती सावकाश बोलली. भाकरी बंद केली तर मी जगायचं कसं, ते आधी सांगा म्हणाली. आवाजाचं म्हणाल तर उद्यापासून परातीखाली गोणपाट घालते, उजाडल्याशिवाय थापत नाही. विषय तिथंच मिटला.

तिप्पण्णा ओशाळले. पैसे तिच्याकडे सरकवून, घ्या परत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. आज बोलनं इकत घेतलं. फुडच्या खेपेला निम्मीच देनार, आन् बोलनारबी."

मी सगळ्यांना विचारलं, कुणाची हरकत आहे का? पूर्ण वर्गणी भरलेल्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही.