सूचना फलकाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना सूचना फलक आहे. पालिकेच्या इमारतीत शिरलात की डाव्या हाताला, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर, मी टांगलेला दिसेन. दिसेन असे म्हणतो खरा, पण बहुतेकांना मी दिसत नाही. लोक पाणी पितात, पेला उपडा ठेवतात, माझ्या काचेत बघून केस सारखे करतात आणि आपल्या वाटेने जातात. फलकापेक्षा आरसा म्हणूनच माझा उपयोग जास्त झाला असेल. पूर्वी मला त्याचेच वाईट वाटत असे. आता ज्याचे वाटते ती गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यासाठीच मी तोंड उघडले आहे.

मला एका सुताराने घडवले. हात राखून काम करणे त्याला ठाऊक नव्हते. चौकट सागवानाची, आतली फळी मात्र मुद्दाम मऊ लाकडाची, टाचणी सहज रुतावी म्हणून. फळीवर हिरवे जाड कापड, पुढे काचेची दोन दारे आणि त्यांना पितळी कुलूप. ते कुलूप पाहून त्याची बायको म्हणाली, "कागदांना एवढा बंदोबस्त? आपल्या दाराला धड कडी नाही."

"अगं, आपल्या घरात चोरण्यासारखं आहे काय?" सुतार म्हणाला. दोघेही हसली. माझ्या आयुष्यातले ते पहिले हसू. माझ्या अंगावर बरोबर सहा कागद मावतात, हेही सुतारानेच मोजून ठरवले होते. त्या काळी पालिकेकडे एका वेळी सहा गोष्टी सांगण्यासारख्या असल्या तरी पुष्कळ होते.

माझी सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. तेव्हाच्या हेडक्लार्कना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत कधीच शिकवत नव्हते, पण दर शनिवारी अकरा वाजता खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसत आणि माझ्यावरचे कागद मोठ्याने वाचून दाखवत. ज्यांना वाचता येत नसे ते तर येतच, पण ज्यांना येई तेही येत, कारण पालिकेची भाषा वाचता येणे आणि कळणे यात फरक आहे. मास्तर एक वाक्य वाचत आणि मग म्हणत, "म्हणजे काय, तर तुमच्या गल्लीत खोदणार आहेत. बोला, काय म्हणणं आहे?" जो जे बोले ते मास्तर त्याच्याच शब्दांत लिहून घेत आणि खाली त्याचा अंगठा किंवा सही घेत.

एकदा पालिकेने नळाला सकाळी दहा ते बारा पाणी सोडायचे ठरवले. तसा कागद माझ्यावर लागला. इस्पितळात साफसफाई करणाऱ्या एका बाईने हरकत सांगितली, "दहाला आम्ही सगळ्या कामावर. घरात पाणी कोण भरणार, भिंती?" मास्तरांनी तेच शब्द लिहिले. सभेत ते वाचले गेले तेव्हा सभासद आधी हसले, मग वेळ बदलायला तयार झाले. पुढच्या महिन्यात माझ्यावर नवा कागद लागला, पाणी पहाटे सहाला. त्या दिवशी ती बाई माझ्यासमोर उभी राहून कितीतरी वेळ ते वाचत होती. तिला वाचता येत नव्हते, पण आकडा ओळखता येत होता. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

मास्तर निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर त्यांची खुर्चीही आत गेली. शनिवारचे वाचन हा काही नियम नव्हता, ती एका माणसाची सवय होती. माणूस गेला आणि सवय गेली.

त्यांच्या जागी जे कारकून आले ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगतो. वेळेवर येत, कुणावर ओरडत नसत, घरी आजारी आई होती तिला दुपारी फोन करून औषधाची आठवण करत. पण त्यांच्या काळात पालिकेची खाती वाढली आणि कागदही वाढले. सहांच्या जागेत वीस कागद कसे मावणार? त्यात एकदा रस्त्याच्या कामाची एक नोटीस माझ्यावरून गहाळ झाली. सही-शिक्क्याची तेवढी एकच प्रत होती. कारकुनांना वरून फार बोलणी बसली.

तशातच एक हुकूम आला. काही गावांत नोटिसा न लावताच लावल्याचे लिहितात, अशी तक्रार झाली होती. म्हणून यापुढे प्रत्येक नोटीस फलकावर लावल्याचा फोटो फायलीत जोडावा, असा तो हुकूम होता. हुकूम चांगला होता. मला तर आनंद झाला, आता आपली किंमत वाढली असे वाटले.

प्रत्यक्षात झाले ते असे. कारकून नोटीस घेऊन बाहेर येत. शिपाई कुलूप उघडून ती टाचणीने लावी आणि दार बंद करी. कारकून फोटो काढत. मग शिपाई दार पुन्हा उघडून नोटीस काढी, आणि ती सही-शिक्क्याची एकुलती एक प्रत फायलीत जाऊन सुरक्षित बसे. लगेच दुसरी नोटीस. तीस दिवस राहायचा कागद माझ्या अंगावर चहा निवेपर्यंतही राहत नसे. 'हरकती तीस दिवसांत लेखी द्याव्यात' असे त्यावर छापलेले असे, आणि कागद कपाटात. दृष्टीआड सृष्टी. ज्यांना फोटोची गरज नव्हती ते कागद मात्र माझ्यावर महिनोन्महिने राहत. सुट्ट्यांची यादी, हस्ताक्षर स्पर्धेचा निकाल, सापडलेली छत्री.

कारकुनांना यात काही गैर वाटत नसे. नोटीस लावली का? लावली. पुरावा आहे का? आहे. प्रत हरवली का? नाही. तिन्ही उत्तरे बरोबर होती.

आता ज्यांच्यासाठी मी तोंड उघडले, त्या दुसऱ्या एका बाईंबद्दल सांगतो. त्या कालव्यापलीकडे राहत आणि घरी शिवणकाम करत. शिपाई त्यांना ताई म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. ताईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. त्यांचे पाय लहानपणीच्या आजाराने गेलेले, दोन कुबड्यांवर चालत. दुकान कालव्याच्या अलीकडे, बाजारात. मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी जुना सपाट पूल होता. घरून निघाले की पंधरा मिनिटांत ते दुकानाचे दार उघडत आणि कुणाची मदत घेत नसत.

एके दिवशी पुलावर मोजमापे घेणारी माणसे आली. कालव्याच्या काठाने रस्ता होणार, त्यासाठी हा पूल पाडून उंच पूल बांधणार, असे त्यांच्या बोलण्यातून कळले. ताई तडक पालिकेत आल्या. खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "पूल उंच करताय म्हणे. आमच्या ह्यांना पायऱ्या चढवत नाहीत. आमच्याकडे असे आणखी बरेच जण आहेत. एका बाजूनं उतार ठेवा, एवढंच सांगायचंय."

"सांगा ना," कारकून म्हणाले. "पण आधी नोटीस लागू दे. नोटीस लागायच्या आधी हरकत घेता येत नाही. लागली की तीस दिवसांत लेखी द्या."

"कुठं लागेल?"

कारकुनांनी माझ्याकडे बोट दाखवले.

त्या दिवसापासून ताई दर सोमवारी आणि गुरुवारी येऊ लागल्या. शिवलेले कपडे बाजारात पोचवायचे ते हेच दोन दिवस. काखेत गाठोडे घेऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहत आणि काचेवर बोट फिरवत एकेक कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत. सुट्ट्यांची यादी त्यांना पाठ झाली असेल. त्यांची हरकत लिहून तयार होती. शेजारपाजारच्या अकरा जणांच्या सह्यांसह ती पिशवीत घडी घालून ठेवलेली असे. एकदा त्यांनी ती शिपायाला वाचून दाखवली. शिपाई म्हणाला, "झकास लिहिलंय, ताई. ह्याला कोण नाही म्हणेल?"

ती नोटीस एका मंगळवारी लागली. शिपायाने टाचणी टोचली, दार लावले. कारकुनांनी फोटो काढला, नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. शिपायाने नोटीस काढली. ती हातात धरून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "साहेब, ही पुलाची आहे. त्या ताई..."

"येतील तेव्हा सांगू," कारकून म्हणाले. त्यांच्या हातात अजून नऊ नोटिसा होत्या.

गुरुवारी ताई आल्या तेव्हा शिपाई दुसऱ्या इमारतीत टपाल द्यायला गेला होता, आणि कारकून रजेवर होते, आईला इस्पितळात हलवले होते. ताईंनी सगळे कागद वाचले. "अजून नाही लागली," असे स्वतःशीच म्हणून त्या निघाल्या. पुढच्या सोमवारी त्या आल्या तेव्हा ना कुणाला आठवण राहिली होती, ना कुणी सांगितले. मी तेवढा बघत होतो. लाकडाला वाचा नसते याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

तीस दिवस गेले. फायलीवर लिहिले गेले, 'हरकत प्राप्त नाही.' जुना पूल पाडला. नवा पूल झाला, चव्वेचाळीस पायऱ्या चढायच्या आणि चव्वेचाळीस उतरायच्या.

पूल पाडायला घेतला त्याच दिवशी ताई आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलल्या. "नोटीस लागलीच नाही! मी आठवड्यातून दोनदा येत होते. इथलं अक्षर न् अक्षर वाचलंय मी."

"लागली होती, ताई. मुदत संपली," कारकून खाली बघत म्हणाले.

"नव्हती लागली," ताई म्हणाल्या. त्या अगदी ठाम होत्या. तो ठामपणा मला फार आवडला, कारण खरे तेच होते.

यजमान आता वाहनांच्या पुलावरून वळसा घालून दुकानात जाऊ लागले. पाऊण तासाची वाट, कडेला चालायला जागा नाही, आणि खडीचे ट्रक सारखे चालू. ताई म्हणत, दुकान बंद ठेवा. ते म्हणत, हात चालतात तोवर बसून राहणार नाही. सात आठवडे ते तसे गेले. आठव्या आठवड्यात एका ट्रकने त्यांना उडवले. ते जागीच गेले. कुबड्या सापडल्या, पण घड्याळाच्या सुट्या भागांची डबी सापडली नाही.

लोक चिडले, म्हणून चौकशी झाली. वरचे एक अधिकारी आले आणि माझ्या समोरच्याच खोलीत दार उघडे टाकून बसले. ताई आल्या, बरोबर त्यांची नणंद होती. ताईंनी तेच सांगितले, नोटीस लागली नव्हती. अधिकाऱ्यांनी फायलीतला फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्या फोटोत मी होतो, मित्रांनो. माझी चौकट, माझे पितळी कुलूप, शेजारी सुट्ट्यांची यादी, आणि मधोमध पुलाची नोटीस, अक्षर न् अक्षर स्पष्ट. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ना, तसे झाले. ज्याने लोकांना खबर द्यायची, त्याचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

ताईंनी तो फोटो जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. शिपाई दाराशी उभा होता. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. त्याने मान वर केली नाही.

नणंद रडत रडत म्हणाली, "वहिनी, एवढी वाचत होतीस, मग हे कसं सुटलं गं? माझा भाऊ गेला."

अहवालात लिहिले गेले की प्रक्रिया पूर्ण झाली होती, आणि नागरिकांची उदासीनता दिसून आली. त्यानंतर पालिकेने पुलाला एका बाजूने उतार बांधला. बैल गेला आणि झोपा केला. त्या कामाला फक्त सोळा दिवस लागले.

काल ताई पुन्हा आल्या. हातात गाठोडे नव्हते. त्यांनी माझ्या काचेवर बोट ठेवले आणि शिपायाला विचारले, "कुठं होती हो ती? ह्या मधल्या जागेवर?"

शिपाई पिंप भरत होता. तो थांबला. मला वाटले, आता तरी हा बोलेल. पण तो म्हणाला, "हो ताई. तिथंच कुठंतरी."

"मग माझ्याच नजरेतून सुटली," ताई म्हणाल्या. "यादी वाचता वाचता पुढं गेले असेन." आणि पदराने डोळे पुसून त्या हळूहळू निघून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपल्यासाठी काहीतरी मागतात. मला रंग नको, नवी काच नको. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी कारकून होईल, कुणी अधिकारी. तेव्हा कागद मुदतभर माझ्यावर राहू द्या. पुलाचा कागद असेल तर त्याची एक प्रत पुलावरही लावा, आणि ज्याला त्या पुलावरून चालायचे आहे त्याला आधी विचारा, मोजमापे नंतर घ्या. हे सगळे पुढचे झाले. पण एक काम आजच करण्यासारखे आहे. तुमच्यापैकी कुणी कालव्याच्या बाजूला राहत असेल, तर पलीकडे जा. उताराने जा, लवकर पोचाल. ज्या घरातून शिवणयंत्राचा आवाज यायचा आणि आता येत नाही, त्या घराचे दार वाजवा आणि ताईंना सांगा की तो कागद सोमवारी नव्हता, गुरुवारीही नव्हता, आणि तुमची नजर एका अक्षरानेही चुकली नव्हती. हे माहीत असलेले आम्ही तिघे आहोत. दोघे बोलत नाहीत, आणि मला बोलता येत नाही.