पहिल्या बरणीतली काडी

"मॅडम, ती काडी पुन्हा पेटलेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलीय का?"

विचारलं एकदाचं! पैज मैत्रिणींची, घसा माझा. मागे दोघी वहीआड तोंड लपवून खिदळत होत्या.

आमच्याकडे हा प्रयोग फळ्यावरच उरकतो. पोटॅशियम परमँगनेट तापवलं की त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो, तो पाण्यावर गोळा करायचा, धुमसती काडी आत सोडली की भपकन पेटते. मी तर बाराही प्रयोगांची निरीक्षणं आधीच उतरवली होती, ताईच्या जुन्या प्रयोगवहीवरून. ती वही म्हणजे आमच्या घरातलं देवस्थान. वीसपैकी वीस!

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ये, तूच दाखव. घंटेला पंधरा मिनिटं आहेत."

आता आली का पंचाईत! जांभळे स्फटिक परीक्षानळीत, तोंडाशी काचेचा कापूस, बूच, वाकडी नळी पाण्यात, बर्नर खाली. बसले होते स्टुलावर, पण पाय काही थांबेनात. एक डोळा घड्याळावर. बुडबुडे आले, आले! झटक्यात बरणी भरली, काडी सोडली.

विझली.

"बाईसाहेब, माचिस देऊ का?" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसून लोळला.

कानशिलं तापली. ताईच्या वहीत तर विझण्याचं नावच नव्हतं! मॅडम एवढंच म्हणाल्या, "नळीत आधी काय होतं?"

हवा! सगळ्यात आधी तीच बाहेर ढकलली गेली, आणि मी घाईघाईत तीच भरली. आता दुसरी बरणी. सात मिनिटं. सहा. नखं खाऊन संपली. काडी आत घातली, आणि काय सांगू, अशी लख्ख पेटली की मी किंचाळलेच! सगळ्यांत जास्त वाकून बघत होत्या त्या मॅडम.

"कॉलेजात पाहिली होती," त्या हळूच म्हणाल्या, "त्यानंतर आजच." मग लगेच, "वहीत पेटली एवढंच लिही हं. पहिली बरणी लिहिलीस तर परीक्षक मार्क कापतील."

घरी आले ती तडक ताईपुढे. "तू पहिली बरणी फेकून दिली होतीस का गं?"

"कुठली बरणी?" ताईनं मोबाइलमधून मानही वर केली नाही. "मी वरच्या वर्गातल्या एकीचं उतरवलं. तिनंही कुणाचं तरी उतरवलं असेल."

जेवताना बाबांनी विचारलंच, "ताईसारखं झालंय ना सगळं लिहून?"

उठले, ताईची वही आईच्या हातात दिली.

"ही ठेवून दे. माझ्या वहीत उतरवलेली बाराही पानं मी फाडलीत. सगळे प्रयोग करून लिहिणार, आणि काडी विझली तेही लिहिणार. मार्क कापले तर कापू देत."

"अगं, पण वीसपैकी..."

"बाबा, माझं ठरलंय."