पोटाची किल्ली

माझ्या लेकीने सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत शू रोखून धरली, त्या दिवशी मी तिला खांद्यावर बसवून घरी नेलं आणि बायकोला म्हणालो, "बघ, कशी शहाणी झालीय." हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी माझ्या तोंडून काढून घेण्यापेक्षा बरं.

मी किल्लीवाला. एका पाच मजली कार्यालयाच्या फाटकाशेजारी फुटपाथवर माझं टेबल आहे. त्यावर एक शिकंजा, तीन कानशी, तेलाची बुधली आणि तारेला ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. एकोणीस वर्षं तिथेच बसतो. हरवलेली किल्ली, तुटलेली किल्ली, सासूपासून लपवायची किल्ली, सगळं माझ्याकडे येतं. लेकीला आम्ही बटण म्हणतो. साडेचार वर्षांची, गोल, आणि बोट लावलं की सुरू. तिची आई औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरते, तिथे मूल नेता येत नाही. शेजारच्या मावशी सांभाळायच्या, त्या आपल्या मुलाकडे राहायला गेल्या. शाळा पुढच्या वर्षी. तोवर बटण माझ्या टेबलापाशी.

पुरुषांना भिंत असते. पलीकडच्या गल्लीत 'येथे लघवी करू नये' असं लिहिलेली एक आहे, आणि आम्ही सगळे ते वाचत वाचत तिथेच उभे राहतो. एकोणीस वर्षांत मला या गोष्टीचा एकदाही विचार करावा लागला नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते असं.

बटण आली आणि कळलं की अख्ख्या रस्त्यावर तिच्यासाठी काही म्हणजे काही नाही. सार्वजनिक शौचालय मंडईच्या मागे, मोठ्या माणसाच्या पावलांनी वीस मिनिटं. त्याच्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी, आणि आता त्या पाटीलाच दुरुस्ती हवी. औषधांच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, स्टाफसाठी आहे. चहावाला म्हणाला, गिऱ्हाइकांसाठी आहे. मी चहा घेतला. तो प्यायल्यावर म्हणाला, मोठ्या गिऱ्हाइकांसाठी, पोरं घाण करतात.

मग उभ्या गाड्यांच्या मधली जागा. मी रस्त्याकडे तोंड करून छत्रीचा आडोसा धरायचो. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी मागच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. आत कुणी बसलेलं आहे हे मला दिसलंच नव्हतं. "लाज वाटत नाही? पोरांना हेच शिकवता?" असं म्हणत त्यांनी फोन काढला आणि माझा, छत्रीचा आणि छत्रीखालून वाहत आलेल्या ओघळाचा फोटो घेतला. बटण दचकून मध्येच उठली, मोजे भिजले. मी छत्री मिटली आणि तिचे मोजे काढले. बोलायला हवं होतं. एरवी किल्ली अर्धा धागा चुकली म्हणून गिऱ्हाइकाशी तास तास भांडणारा मी, तिथे माझी दातखीळ बसली.

त्यानंतर ती गाड्यांमध्ये जायला तयार होईना. टेबलाखाली चादर लावून डबा ठेवला, तर आतून म्हणायची, "बाबा, पाय दिसतात." तिला लोकांचे पाय दिसत होते, म्हणजे लोकांना ती दिसत असणार, असा तिचा हिशेब. डायपर लावला तर "मी बाळ नाही" म्हणून दिवसभर फुरंगटून बसली. डायपर कोरडा तो कोरडाच राहिला आणि वर मांड्यांना पुरळ उठलं.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. मी तिला समोर उभं केलं, तिच्या फ्रॉकवर बेंबीच्या जागी दोन बोटं ठेवली आणि किल्लीसारखी फिरवली. तोंडाने खट् आवाज केला. "हे बघ, पोटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. आता घरी गेल्यावरच उघडायचं." ती खूश. खिशावर हात ठेवून म्हणाली, "हरवू नका हं." आणि खरंच, दुपार झाली, चार वाजले, तिने नाव काढलं नाही. सहाला घरी पोचल्या पोचल्या मी किल्ली फिरवली आणि ती मोरीकडे पळाली. तोच तो शहाणपणाचा दिवस.

दोन महिने हा खेळ चालला. पाणी कमी प्यायलं की सोपं जातं, हे तिचं तिनेच शोधून काढलं. बाटली सकाळी भरून न्यायची आणि संध्याकाळी तेवढीच परत आणायची. एका सुट्टीच्या दिवशी मी कुलूप बसवायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर बायको दारात. म्हणाली, "सकाळपासून जात नाहीये. बाबांकडे किल्ली आहे म्हणते. हे काय खूळ भरवलंय तुम्ही हिच्या डोक्यात?" मी हसलो. बायको हसली नाही.

पुढच्याच आठवड्यात बटणाला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं तशी ती कळवळली. लघवी तपासायला हवी, असं म्हणून त्यांनी छोटी डबी दिली. बटण आत जाऊन बसली, बाहेर आली, पुन्हा बसली. अर्धा तास. पोट तर टम्म फुगलेलं. शेवटी आतून बारीक आवाज आला, "बाबा, किल्ली."

डॉक्टरीणबाई, त्यांची मदतनीस, माझी बायको, सगळ्यांच्या देखत मी आत गेलो आणि लेकीच्या पोटावर दोन बोटं फिरवली. खट् आवाज करायचा राहिला. तो तिनेच काढला.

"बाहेरून हसण्यासारखं वाटतं," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "पण हे मूत्रपिंडापर्यंत गेलं तर जन्माचं दुखणं होतं. भरपूर पाणी. आणि दर दोन तासांनी जायचं, लागो न लागो. परत असं झालं तर मला दाखल करावं लागेल."

"दर दोन तासांनी कुठे जायचं?" मी विचारलं. मला खरंच उत्तर हवं होतं. त्यांना वाटलं मी उलट बोलतोय.

आता माझ्या टेबलापासून अठरा पावलांवर, फाटकाच्या आत, त्या कार्यालयाच्या तळमजल्यावर एक स्वच्छतागृह आहे. पांढऱ्या फरश्या, आरसा, वाहतं पाणी. बाहेरचे लोक घुसतात म्हणून त्याला कुलूप असतं, आणि ते कुलूप बसवलं कुणी, तर मी. मी आधी सरळ मार्गाने गेलो. वॉचमनला सगळं सांगितलं. तो पापभीरू माणूस. म्हणाला, "भाऊ, मला काय कळत नाही का? मलाही नातवंडं आहेत. पण कॅमेऱ्यात दिसलं तर साहेब मला घरी बसवतील." वर जाऊन मॅनेजरसाहेबांना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "तुमच्या एकट्यासाठी उघडलं तर उद्या सगळा फुटपाथ आत येईल." वाक्य इतकं तयार होतं की आधीही कुणीतरी विचारलेलं असणार.

आमच्या धंद्यात एक नेम आहे. मला काम शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी. ते म्हणायचे, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि डोक्यातूनही देऊन टाकायची. घासताना बिघडली तर त्याच्यासमोर मोडायची. जास्तीची एक ठेवली की तू किल्लीवाला उरला नाहीस, चोर झालास, मग भले आयुष्यात एक दार उघडू नकोस. एकोणीस वर्षांत मी हा नेम मोडला नव्हता. माझ्याकडे मोठेपणा सांगावा अशी तेवढी एकच वस्तू होती.

त्याच आठवड्यात वॉचमन आला. स्वच्छतागृहाची एक किल्ली कुणीतरी हरवली होती, नवी हवी होती. मी ती घासली. तो विडी ओढायला जरा बाजूला झाला आणि मी दुसरी कोरी किल्ली शिकंज्यात धरली. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली किल्ली ती झाली. लोण्यात सुरी जावी तशी कुलपात गेली.

नऊ दिवस. कॅमेरा कुठे बघतो हे मला ठाऊक होतं, तोही लावताना मी शिडी धरली होती. दहा वाजता, बारा वाजता, दोन, चार. वॉचमनने बघूनही न बघितल्यासारखं केलं की त्याला खरंच कळलं नाही, देव जाणे. बटण बाटलीभर पाणी प्यायची आणि रिकामी बाटली मला उलटी करून दाखवायची. पहिल्या दिवशी आरशासमोरून हलेना. "बाबा, इथे पाय दिसत नाहीत," म्हणाली. त्या नऊ दिवसांत मी कामाला बसल्या बसल्या शीळ घालायचो, असं शेजारची फळवाली सांगते.

फळवालीला तीन वर्षांचा मुलगा आहे, दिवसभर हातगाडीच्या चाकाला दुपट्ट्याने बांधलेला. दहाव्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या गाडीचं कुलूप बघायला कोपऱ्यापर्यंत गेलो. पाच मिनिटं, फार तर सात. तेवढ्यात तो पोरगा पोट धरून रडायला लागला. त्याची आई गिऱ्हाइकात गुंतलेली. बटणाला माहीत होतं की किल्ली तेलाच्या बुधलीखाली असते. तिने त्याची गाठ सोडली, त्याला हाताला धरून आत नेलं आणि चवड्यांवर उभं राहून कुलूप उघडलं. मी शिकवलं नव्हतं. किल्लीवाल्याची पोर ती.

पोरगं वेळेत बसू शकलं नाही. फरशीवर सगळं झालं. बटण कागदाने पुसत असताना कार्यालयातल्या एक बाई आत आल्या.

मी परत आलो तेव्हा मॅनेजरसाहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. बटण त्यांच्या शेजारी, हात घट्ट मिटलेले. त्यांनी आवाज चढवला नाही. किल्ली माझ्यासमोर धरली. "ही कुणी दिली? वॉचमनने?"

वॉचमन फाटकात उभा होता, चेहरा पिठासारखा पांढरा.

"त्याला माहीत नाही," मी म्हणालो. "मीच केली."

"तुमच्याकडे आमच्या बत्तीस खोल्यांच्या किल्ल्या होऊन गेल्यात."

पोलिसांना बोलावतील असं वाटलं. पण ते म्हणाले, मूल आहे म्हणून सोडतो. नवीन कुलूप बसवा, आत्ता, माझ्यासमोर. दोन्ही किल्ल्या माझ्या हातात द्या. आणि महिनाअखेरीपर्यंत टेबल इथून हलवा.

मी कुलूप बसवलं. जुनं काढलं, खाच थोडी खोल केली, चार स्क्रू आवळले. फळवाली दुरून बघत होती. तिने पोराला पुन्हा चाकाला बांधलं होतं, या वेळी गाठ मागच्या बाजूला. काम चोख झालं. तेवढं अजून जमतं. दोन्ही किल्ल्या साहेबांच्या तळहातावर ठेवल्या.

"खिसे दाखवा," ते म्हणाले.

मी शर्टाचा खिसा उलटा केला. पेन्सिल, चष्म्याचं फडकं, लेकीची एक क्लिप. तेवढ्यात बटण पुढे आली आणि साहेबांचा हात धरून म्हणाली, "काका, त्या खिशात माझ्या पोटाची किल्ली आहे. ती तेवढी घेऊ नका."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. त्यांना काही कळलं नाही. ते किल्ल्या घेऊन वर गेले.

टेबलाशी आल्यावर मी पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली. "पी. डॉक्टरांनी सांगितलंय ना? आपण जाऊ कुठेतरी. बाबा बघतो काहीतरी." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला फसवणं मला कधीच जमलं नाही. तिने झाकण घेतलं, बाटलीला लावलं, नीट पिळून घट्ट केलं आणि बाटली टेबलाखाली ठेवली.

मग समोर येऊन उभी राहिली, पोट पुढे काढून. "लावा."

"नाही बटण. तो खेळ आता संपला."

मग तिने स्वतःचीच दोन बोटं स्वतःच्या पोटावर ठेवली आणि फिरवली. खट् आवाज अगदी हळू केला, कुणाला ऐकू जाऊ नये असा. आणि चवड्यांवर उभं राहून, मी बाहेर काढलेला खिसा आधी आत सारून, तिने ती किल्ली माझ्या खिशात टाकली.

समोरच्या औषधांच्या दुकानातल्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.