दुसरा श्रोता

पडद्यावरचा आकडा एकाचा दोन झाला, तेव्हा कुठे उल्काने माईक चालू केला. दोन श्रोते म्हणजे हाउसफुल्ल. त्यातली एक पुण्यातली तिची आई, हे ठरलेलंच. दुसरं कोण, ते सात महिन्यांत कळलं नव्हतं आणि आज कार्यक्रमाचा शेवटचा शनिवार होता.

उल्का परदेशातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक होती. आठवडाभर ती लोखंड गंजतं कसं ते बघायची आणि शनिवारी दुपारी वुडलँड्समधल्या घरून आधी एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, मग बस करत कॅम्पस रेडिओवर सायकेडेलिक रॉक लावायला यायची. पेरूपासून तुर्कस्तानापर्यंत जिथे म्हणून कुणी गिटार विजेला जोडून ऐकणाऱ्याचं डोकं गरगरवलं होतं, ते सगळं तिला जिवापाड आवडायचं. हा रेडिओ इंटरनेटवरचा, त्यामुळे स्टुडिओतला आवाज श्रोत्याकडे अर्ध्या मिनिटाने पोचायचा. पण पोचायचा कुणाकडे? रेडिओ चालवणारी विद्यार्थिनी जेसलिन तिथल्या खास इंग्रजीत गोड हसून म्हणाली होती, “ओन्ली टू लिसनर्स, लाह.” पुढच्या शनिवारपासून ही वेळ कोरियन गाण्यांना.

“मी ऐकते गं,” सकाळीच आई फोनवर म्हणाली होती. “तुझा आवाज आला की घर भरल्यासारखं वाटतं. मधे ती भुताटकी चालू असते तेव्हा मी भाजी निवडून घेते.”

“आई, भुताटकी नाही. गिटार आहे ती.”

“असेल बाई. पण तो दुसरा बिचारा कोण? त्याच्या तर तू नात्यातलीही नाहीस!”

उल्का हसली खरी, पण ते वाक्य दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना.

चारला बारा मिनिटं असताना तिने आपली लाडकी तबकडी लावली. जुन्या बाजारात मिळालेली, छोटी, सत्तर सालच्या आसपासची, कुठल्याशा मलय बँडची. शब्द नाहीत, नुसती वाद्यं आणि अगदी शेवटी गिटारचा सोलो. ‘काय ही सुस्त, झोपाळू लय!’ असं कौतुक करत तिने ती याआधी दोनदा ऐकवली होती.

गाणं निम्म्यावर आलं आणि स्टुडिओतला फोन वाजला. तो आजवर कधी वाजलाच नव्हता.

“मिस, राँग स्पीड, लाह,” एक म्हातारा आवाज म्हणाला.

उल्काने प्लेअरकडे पाहिलं. छोटी तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेते; बटण मात्र मोठ्या तबकड्यांच्या तेहतीसवर होतं. आजच नव्हे, तिन्ही वेळा! दुसऱ्या कुठल्याही संगीतात ही चूक सुरुवातीलाच पकडली गेली असती. हिने तिचं रसग्रहण केलं होतं. लाजेने तिचे कान तापले. सवयीने हात बटणाकडे गेला.

“नो, नो! डोन्ट चेंज!”

मग तो थांबत थांबत बोलत राहिला. नाव सलीम. सेम्बावांगला राहायचा, जन्म गोदीत वेल्डिंग करण्यात गेलेला. तबकडीवरची गिटार त्याच्या थोरल्या भावाची. बँडची ही एकच तबकडी निघाली आणि भाऊ लवकर गेला. बरोबर वेगाने लावली की त्याचा सोलो वीस सेकंदांत संपतो.

“यू प्ले, ट्वेंटी-सेव्हन. आय काउंट.”

आधी फोन केला असता तर तिने चूक सुधारली असती, म्हणून तो इतके दिवस गप्प बसला होता. आज शेवटचा कार्यक्रम म्हणाली, म्हणून त्याला राहवलं नाही.

“वन मोअर टाइम, कॅन?”

“कॅन, अंकल,” उल्का म्हणाली. तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही.

तिने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. काचेपलीकडून जेसलिन बटणाकडे बोट दाखवत होती. उल्काने मान हलवली आणि बटण तेहतीसवरच राहू दिलं.

गाणं संपलं. सुई उचलली गेली. चार वाजले होते, पडद्यावर अजून दोनच होते, आणि जेसलिन दार उघडून आत आली. उल्काने तिला हातानेच थांबवलं आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. सेम्बावांगला सोलो आत्ता कुठे सुरू झाला होता.