पुढचा दोर

वादळ दुपारच्या भरतीबरोबर येणार, असं धक्क्याच्या मुकादमाने सकाळी सातलाच एकेका बोटीपाशी उभं राहून ओरडून सांगितलं. मावशी तेव्हा पंप मारत होती. बोटीच्या तळात रोज थोडं पाणी झिरपायचंच. जुन्या लाकडी बोटीला तेवढी मोकळीक द्यावी लागते. पंपाचा दांडा चाळीस वेळा खालीवर केला की तळ कोरडा. मावशी एकोणतिसावर होती. तिने मुकादमाकडे बघून मान डोलावली आणि तीस म्हटलं.

बावीस वर्षं ती आणि तिचा नवरा, म्हणजे सगळ्यांचे काका, या बोटीवर राहिले. दोघांत वाटणी पक्की होती. आतलं सगळं तिचं, बाहेरचं सगळं त्यांचं. पंप, स्टोव्ह, फटींत कापूस ठासणं तिच्याकडे. रंग, दोर, दणके झेलायला बोटीच्या कडेला टांगलेले जुने टायर काकांकडे. काकांनी पंपाला कधी हात लावला नाही आणि मावशीने दोराला. लावला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडायला बोटीवर जागा फार नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी काका गेले. दवाखान्यात, बाकावर बसल्या बसल्या, नंबर यायच्या आधीच. लोक म्हणाले, मावशी रडली की बरं वाटेल तिला. आठवडाभर सगळे तिच्या रडण्याची वाट पाहत होते, मग कंटाळून आपापल्या कामाला लागले. मावशीला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढताना सुई टोचली की तो गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं झालं होतं तिचं. ती उठायची, चाळीस मोजायची, चहा करायची. आठ महिन्यांत आकडा एकदाही चुकला नव्हता.

या धक्क्याची एक रीत होती. एक तारखेला ज्याने त्याने आपल्या बोटीचे दोर सोडायचे, हातभर सरकवायचे आणि पुन्हा बांधायचे. दोर एकाच जागी घासत राहिला तर तिथेच झिजतो, म्हणून. मग मुकादम येऊन बघायचा आणि प्रत्येक दोरापाशी, धक्क्याच्या दगडावर, खडूने एक रेघ ओढायचा. काका गेल्यावर मावशी हे काम शिकली. मागचा दोर, मधले दोन, सगळे तिने दर महिन्याला सोडले आणि बांधले. पुढच्या दोराला मात्र ती शिवली नाही. ती गाठ काकांनी शेवटच्या एक तारखेला मारली होती. दोर जिथे बोटीच्या काठावर घासायचा तिथे त्यांनी काहीतरी गुंडाळून, वरून कॅनव्हासची पट्टी सुतळीने करकचून आवळली होती. आठ महिने ती गाठ तशीच होती आणि आठ महिने मुकादम चार रेघा ओढत होता.

नऊ वाजता लेकीचा फोन आला.

"आई, तू आत्ताच्या आत्ता इकडे ये. मी गाडी पाठवते."

"आणि बोट कोण बघेल?"

"बुडाली तर बुडू दे! तुझ्यापेक्षा जास्त आहे का ती?"

"माझं घर आहे ते. दुसरं नाही मला."

"माझं घर तुझं नाही का?"

पलीकडे लेक नाक ओढत होती. आपल्याला आत्ता पोटात तुटायला हवं, हे मावशीला समजत होतं. ती थोडा वेळ थांबली, काही तुटलं नाही, मग तिने फोन ठेवला.

दहाला मुकादम पुन्हा आला. तो काकांचा जुना दोस्त, म्हणून तिला वहिनी म्हणायचा.

"वहिनी, पाणी आज रोजच्यापेक्षा दोन हात वर चढणार. चारही दोर लांब सोडा. एक जरी आखूड राहिला तरी बोट वर येणार नाही, नाक खाली ओढलं जाईल आणि पाणी आत घुसेल. मी येऊ का मदतीला?"

"येतं मला."

"पुढचासुद्धा?"

"हो म्हटलं ना, भाऊजी!"

मुकादमाने एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तो पुढच्या बोटीकडे गेला.

मावशीने तीन दोर सोडले, लांब केले, बांधले. चौथ्यापाशी गेली आणि उभी राहिली. तो तसा सैलच आहे, असं तिने ठरवलं. सैल नव्हता. पण माणूस एकदा ठरवायला बसला की काय वाटेल ते ठरवतो. ती खाली उतरली आणि तिने झाकण लावून घेतलं.

बाराला वारा असा आला की टायर धक्क्यावर धाडधाड आपटू लागले. किटली घसरली, ती मावशीने सिंकमध्ये टाकली. ती पंपाशी बसली. चाळीस झाले, ऐंशी झाले, तळ कोरडा होईना. दीडशेला तिच्या लक्षात आलं की आपण पुढे कलंडतोय. फळीवरून काकांच्या चष्म्याचं घर सावकाश घसरत पुढे गेलं आणि भिंतीला टेकलं. मग पुढच्या झाकणाच्या फटीतून पाणी आलं. थेंब थेंब नव्हे, चांगली धार. तीनशे मोजले तेव्हा पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं. आता हिशेब सोपा होता. एक तर गाठ राहणार होती, नाही तर घर.

ती बाहेर आली ती गुडघ्यांवर रांगतच. पाऊस तोंडावर खड्यांसारखा लागत होता. बोटीचं नाक पाण्याला टेकलं होतं आणि दोर ताणून काठीसारखा ताठ झाला होता. तिने गाठीत नखं खुपसली. गाठ सोडायची लोखंडी सळई घातली, ती वाकडी करून पाहिली, तिच्यावर सगळा भार टाकला. गाठ हलली नाही. काकांची गाठ ती, हट्टाच्या बाबतीत त्यांच्यावरच गेलेली.

धक्क्यावरून मुकादम ओरडत होता. "कापा, वहिनी! पण आधी नवा दोर द्या! नवा बांधा, मग कापा!"

तिने नवा दोर फेकला. पहिल्यांदा तो पाण्यात गेला, दुसऱ्यांदा मुकादमाने झेलला आणि खुंट्याला अडकवला. मावशीने आपलं टोक चांगलं लांब ठेवून बांधलं. मग कमरेला खोचलेली पावाची सुरी काढली आणि गाठीच्या पुढ्यात दोर कापायला घेतला. सुरी तिसऱ्यांदा ओढली तसा तो तुटला आणि फटकन धक्क्यावर जाऊन पडला. बोट एकदम वर आली. मावशी डेकवर धपकन बसली. आपण आत्ता काय कापलं हे तिला नीट माहीत होतं, आणि तरीही काही वाटलं नाही. ती खाली जाऊन पंप मारू लागली.

चारच्या सुमाराला वारा पडला. मुकादम धक्क्याच्या काठावर आला, हातात दोराचा तो कापलेला तुकडा गुंडाळून.

"तुमचा आहे," तो म्हणाला. "मी दर महिन्याला बघत होतो, वहिनी. सोडलेला नाही हे कळत होतं. तरी रेघ ओढत होतो. चूक माझी पण आहे. माझ्याच्याने बोलवेना."

मावशीने तुकडा हातात घेतला. कॅनव्हास घासून पार फाटला होता. आतून निळी लोकर डोकावत होती, तीही बरीच झिजलेली, पण तिच्याखालचा दोर धड होता. मावशीने सुतळी तोडली आणि लोकर ओढून काढली. ती एक बाही होती.

"हा माझा स्वेटर आहे," ती म्हणाली.

मुकादमाने मान खाली घातली. "मी म्हटलं होतं त्याला, वहिनी ओरडतील. तो म्हणाला, लोकरीइतकं दोराला दुसरं काही जपत नाही. विचारलं तर वाऱ्यावर ढकलून देऊ."

"वाऱ्यावरच ढकललं! वाळत घातलेला उडून गेला म्हणे! चार दिवस मी अबोला धरला, तरी हूं की चूं नाही!" मावशीचा आवाज चढला. आठ महिन्यांत तो एवढा चढला नव्हता. बाही हातात धरून ती रिकाम्या डेककडे वळली. "आणि वर मलाच सांगता, चिमटे नीट लावत जा! मी स्वतः विणलेला होता तो! चिमटे नीट लावत जा म्हणे! अहो, मी लावले होते! दोन्ही खांद्यांना दोन लावले होते!"

ती आणखी बरंच बोलणार होती. पण बाहीत तोंड खुपसून ती रडली. मुकादम पाठ फिरवून नव्या दोरापाशी गेला, त्याने तो दोनदा ओढून पाहिला आणि ओल्या दगडावर खडूने रेघ ओढायचा प्रयत्न केला. ती उमटली नाही.

तळात अजून पाणी होतं. मावशी खाली उतरली, बाही खांद्यावर टाकली आणि पंपाचा दांडा धरला. सतरापर्यंत आली आणि आकडा चुकला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली, पुन्हा चुकला.