निखारा धरणारा हात

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या आड, शे-दीडशे माणसं जमली होती. मध्ये मासळी विकणारी जिजा बसली होती आणि तिच्या तळव्यावर निखारा धगधगत होता. कातडी चरचरली, जळक्या मांसाचा वास सुटला. जिजा नुसती बघत होती. असा खेळ गेले तीन दिवस रोज चालला होता.

"देवी हाय ही, देवी!" अंगारबाबा गरजला. बाबाचा आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. "आता उकळत्या तेलात हात घालंल, नि ज्याच्या कपाळी तेल लावंल त्याचा रोग पळंल!"

आजारी पोरं काखेत मारून बायका पुढे सरकल्या. जिजाचा लेक मितेश कढईखाली लाकडं सारत होता.

तेवढ्यात जिजाची भाची रोशनी गर्दीत घुसली. ती आशा सेविका. मावशीच्या मनगटावरचा फिकट चट्टा पाहून ती थेट तिच्यापुढे बसली.

"मावशी, हाताला कधीपासून कलत नाय?"

"बर्फात घालून घालून बधिर झालाय गं. आपल्या धंद्यात सगल्यांचाच होतो."

चूक झाली ती इथेच. बर्फाने कोळणींचे हात बधिर होतात, पण तासाभरात ताळ्यावर येतात. जिजाचा हात वर्षभर आला नव्हता आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

बाबाने जिजाचं मनगट कढईकडे ओढलं. रोशनी आडवी आली, तशी त्याने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. तिचा ओठ फुटला.

रक्त पुसत तिने मासळीच्या टोपलीतला बर्फ उचलला. "मावशी, डोले मीट." बर्फ तळव्यावर ठेवला. "काय हाय?"

"काय नाय."

मग दंडावर ठेवला.

"बर्फ! काढ, काढ!"

"देवी दंडाखालीच राहते काय?" रोशनी गर्दीवर ओरडली. "चटका, गारवा, दुखनं, सगलं बारीक नसा पाठीच्या मनक्यातून मेंदूला कलवतात. मावशीच्या नसा मेल्यात. हात जलतोय, पन निरोपच वर जात नाय. हा कुष्ठ असनार. डॉक्टर तपासतील."

माणसं मागे सरली. रोशनीने मावशीचा दुसरा हात घट्ट धरला.

मितेशने चिमट्यात निखारा उचलला आणि बाबाच्या पंजावर दाबला. बाबा किंचाळत वाळूत लोळला. मितेश दुसरा निखारा उचलणार, तोच रोशनीने चिमटा हिसकावला. "पुरे! त्यालापन दुखतं."

निखाऱ्यांनी जळालेली जिजाची दोन बोटं कापावी लागली. कुष्ठाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, रोग बरा होतो, पण गेलेली बोटं परत येत नाहीत. तेव्हा लोकहो, कुणाला दुखेनासं झालं, तर त्याच्या पाया पडू नका, त्याला डॉक्टरकडे न्या.

जिजा पुन्हा बाजारात बसते. देवीचं कुणी विचारलं की म्हणते, "देवीला मला वाचवायचं असतं, तर तिनं मला दुखवलं असतं."