सोनेरी रंगाखालचं गाणं

मी एक जुनी, भोक पाडलेली रेकॉर्ड आहे. मित्रांनो, मी मधल्या भोकाबद्दल बोलत नाही. ते सगळ्याच रेकॉर्डना असतं. माझ्या कागदी लेबलावर आणखी एक भोक आहे, ड्रिलनं पाडलेलं, गायिकेच्या नावातून आरपार. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

नाव होतं वर्ना मे टॉलिव्हर. साठ वर्षांपूर्वी डेट्रॉइटमध्ये सोल, म्हणजे काळ्या अमेरिकेचं जिव्हाळ्याचं संगीत, गाणारी, बावीस वर्षांची पोर. तिची पहिली रेकॉर्ड कंपनी एका गॅरेजात होती. तिथं तिनं दोन गाणी गायली, आणि मालकानं ती टेप तिला न विचारता शिकागोच्या मोठ्या कंपनीला देऊन टाकली. त्या कंपनीत माझा जन्म झाला. पण पहिल्या बाजूचं गाणं फारच चांगलं आहे म्हटल्यावर साहेबांनी ते एका नावाजलेल्या बाईकडून पुन्हा गाऊन घेतलं. तिचं गाणं रेडिओवर, आम्ही खोक्यात! पुढे न खपलेल्या मालाची खूण म्हणून आमच्यावर ड्रिल फिरलं. तिसऱ्या कंपनीनं तर वर्नाला दुसऱ्यांच्या मागे नुसतं 'ऊ, ऊ' करायला उभं केलं. कव्हरवर नावसुद्धा नाही. शेवटी तिनं गाणं सोडलं आणि ॲन आर्बरच्या एका शाळेत तीस वर्षं मुलांना जेवण वाढलं.

माझ्यासारख्या बाकीच्या प्रती भंगारात गेल्या, मी मात्र या तळघरातून त्या तळघरात धूळ खात राहिले. गेल्या ऑगस्टमध्ये ॲन आर्बरमधल्याच एका गॅरेज सेलमधून प्रल्हादकाकांनी मी ज्यात होते ते जुन्या रेकॉर्डचं आख्खं खोकं उचललं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची सजावट त्यांच्याकडे होती. बाप्पाच्या मागे सोनेरी चकत्यांची प्रभावळ करायची होती. काम मंडळातल्याच सीमाताईंच्या गॅरेजात चाललं होतं.

"काका, वेट! ही प्ले होते का बघूया ना. माझ्याकडे प्लेअर आहे," सीमाताईंची चौदा वर्षांची आन्या म्हणाली.

"अगं, कोणीतरी होल पाडलंय, नावपण धड दिसत नाही. स्क्रॅप आहे. तो स्प्रे दे इकडे."

फुस्स! माझी पहिली बाजू सोनेरी झाली. रेघा बुजल्या. मी किंचाळले असते, पण मला सुईशिवाय तोंड नाही.

काकांनी मला उलटं केलं, तेवढ्यात शेजारच्या मिस वर्ना परसातले टोमॅटो घेऊन आल्या. हो, त्याच वर्ना. माझं लेबल पाहून त्या जागीच थबकल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती मी आहे."

आन्यानं धावत जाऊन प्लेअर आणला. माझी उरलेली बाजू वाजली. बावीस वर्षांचा तो गळा गॅरेजभर पसरला आणि सीमाताईंनी डोळे पुसले.

"आता दुसरी लाव," वर्ना म्हणाल्या. "त्यांनी त्या नावाजलेल्या बाईला दिलं ते गाणं. माझ्या आवाजातलं माझ्याकडेही नाही."

काकांनी मला उचलून सोनेरी बाजू वर केली.

"आय ॲम सो सॉरी," काका म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"अर्धं नाव शिल्लक होतं," वर्ना म्हणाल्या. "वाचायचं होतं."

त्यांनी टोमॅटो खाली ठेवले आणि तिथंच, स्प्रेच्या वासात उभ्या राहून, ते गाणं म्हटलं. आवाज कापरा होता, पण एक सूर ढळला नाही. साठ वर्षं जे मी पोटात सांभाळलं, ते पहिल्यांदाच मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं, आणि गाणं माझं नव्हे, त्यांचं होतं हे कळून मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी सजावटीचे पन्नास फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेले. वर्ना गात होत्या तेव्हा मात्र ते गाणं रेकॉर्ड करायला एकानंही फोन बाहेर काढला नाही!

मित्रांनो, माझी समजूत काढू नका. मला घासत बसू नका, भिंतीवर टांगू नका. वर्ना ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, शेजारच्याच घरात राहतात, आणि ते गाणं आता फक्त त्यांच्या गळ्यात उरलं आहे. जा, त्यांची बेल वाजवा.